एकाच प्लेटमधले दोन वेल धडधडले, दहा नाही: हृदयपेशी बनवताना नेमकं कुठे अडतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत तुम्ही माणसाच्या आयपीएस पेशींपासून (त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींना मूळपेशींसारखं करून बनवलेल्या पेशी) हृदयाच्या स्नायूपेशी बनवताय. बारा वेलची (म्हणजे छोट्या खळग्यांची) प्लेट, शोधनिबंधातली कृती, चिर ९९०२१ हे रसायन १२ मायक्रोमोलर. पहिल्या खेपेला दोन वेल धडधडले, दहांमध्ये काहीच नाही. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या दिवशीच पेशी सुटून वर तरंगल्या. मग चिर ६ वर आणलं, तर पेशी छान जगल्या, पण पंधराव्या दिवसापर्यंत एकही ठोका नाही. आता महागडं तयार किट मागवावं का, असं विचारलंय. शेवटच्या ओळीत वडिलांना आलेल्या हार्ट अटॅकबद्दल आणि कुणीतरी सुचवलेल्या ‘स्टेम सेल इंजेक्शन’बद्दलही विचारलंय. त्या ओळीचं उत्तरही देतो, पण आधी प्लेटचं बोलू.

किट आत्ता मागवू नका. तुमच्या पहिल्या खेपेतच बरंचसं उत्तर आहे. बाराही वेलमध्ये तीच लाइन (एकाच मूळ पेशीसंचातून वाढवलेल्या पेशी), तेच मीडियम (पेशींचं पोषक द्रावण), तेच औषध, तेच इन्क्युबेटर. तरी दोन धडधडले. म्हणजे औषध मेलेलं नाही आणि तुमच्या पेशींना हृदयपेशी बनता येतं. वेलागणिक बदलणारी मोठी गोष्ट एकच उरते: शून्याव्या दिवशी, म्हणजे चिर टाकताना, प्रत्येक वेलच्या तळाला किती पेशी होत्या आणि त्या कशा पसरल्या होत्या. किटमध्ये औषधाचं प्रमाण ठरलेलं असतं, त्यामुळे तिथेही पेशींची गर्दी तुम्हालाच जुळवावी लागते. ती आज चुकत असेल तर किटमध्येही चुकेल, फक्त जास्त पैशात.

आता गर्दीचा आणि चिरचा संबंध. चिर हे जीएसके-३ या एन्झाइमला अडवतं. ते अडलं की पेशीत बीटा-कॅटेनिन साठतं आणि विंट संकेत चालू होतो. त्या संकेताने पेशी बहुशक्त अवस्था (कुठलीही पेशी बनण्याची क्षमता) सोडून मेसोडर्मकडे, म्हणजे गर्भातल्या ज्या थरातून हृदय आणि स्नायू बनतात तिकडे, वळतात; चोवीस तासांत त्यांच्यात ब्रॅक्युरी हे प्रथिन दिसू लागतं. संकेत अपुरा पडला तर पेशी वळतच नाहीत, जागच्या जागी वाढत राहतात. तुमच्या ६ मायक्रोमोलरच्या प्लेटमध्ये बहुधा हेच झालं. संकेत जास्त झाला तर विरळ पेशी मरतात, किंवा जगल्या तरी मेसोडर्मच्या भलत्या फांदीवर जातात. दाट, एकमेकींना चिकटलेल्या पेशी जास्त चिर सोसतात आणि त्यांना ते लागतंही. विरळ पेशींना तेवढंच चिर घातक ठरतं. म्हणून ‘१२ बरोबर की ६ बरोबर’ या प्रश्नाला एकटं उत्तर नाही. पेपरमधला आकडा त्या लोकांच्या लाइनसाठी, त्यांच्या गर्दीला जुळलेला असतो. कुणाची लाइन ६ वर सुंदर चालते, कुणाची ११ खाली हलतच नाही. तुमची जोडी तुम्हालाच शोधावी लागेल, आणि ती एका प्लेटमध्ये शोधता येते.

बारा वेलच्या प्लेटला तीन ओळी आणि चार रकाने असतात. ओळींत पेशींची संख्या बदला: वेलमागे २ लाख, ४ लाख, ६ लाख. रकान्यांत चिर बदला: ६, ८, १०, १२ मायक्रोमोलर. पेशी चिरच्या तीन दिवस आधी पेरा. लाइन झपाट्याने वाढणारी असेल तर दोनच दिवस आधी. सोबत दुसऱ्या प्लेटमध्ये प्रत्येक संख्येचा एकेक जादा वेल ठेवा. शून्याव्या दिवशी तो सोडवून मोजा आणि आकडा वहीत लिहा. ‘साधारण ९० टक्के भरलंय’ ही नोंद पुढच्या महिन्यात कुणाच्याच कामाची नसते. ‘वेलमागे इतके लाख’ ही असते. या प्लेटमध्ये प्रत्येक जोडीला एकच वेल मिळतो, म्हणून निकाल अंतिम धरू नका. जिथे बरं दिसेल तिथल्या आसपासचे दोन-तीन पर्याय पुढच्या खेपेला प्रत्येकी चार वेलमध्ये करा. मग पक्कं.

औषध मिसळताना दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे वजन. चिर साध्या रूपात येतं आणि हायड्रोक्लोराइड क्षार म्हणूनही येतं. साध्या रूपाचा रेणुभार ४६५.३, ट्रायहायड्रोक्लोराइडचा सुमारे ५७४.७. साध्या रूपाचे ५ मिलिग्रॅम १.०७ मिली डीएमएसओ या द्रावकात विरघळवले की १० मिलिमोलरचा स्टॉक (साठवायचं घट्ट द्रावण) होतो. क्षार असेल तर त्याच ५ मिलिग्रॅमला ०.८७ मिलीच लागतो. बाटली न वाचता हिशेब केला तर स्टॉक १० ऐवजी सुमारे ८ चा होतो, आणि तुम्ही ज्याला १२ म्हणता ते प्रत्यक्षात १० च्याही खाली असतं. दुसरं म्हणजे पिपेट. १० मिलिमोलर स्टॉकमधून १२ मायक्रोमोलरसाठी मिलीमागे १.२ मायक्रोलिटर लागतो. हे प्रत्येक वेलमध्ये वेगळं टाकायला गेलात तर दर वेलचा डोस वेगळा. रकान्याच्या तीन वेलसाठी ७ मिली मीडियम एकत्र बनवा: १२ साठी ८.४ मायक्रोलिटर, १० साठी ७, ८ साठी ५.६, ६ साठी ४.२. कमी पडणारा डीएमएसओ नुसता टाकून चारही नळ्यांत ८.४ पूर्ण करा, म्हणजे फरक चिरचाच राहील. स्टॉक फ्रीझरमधून काढल्यावर ३७ अंशांवर नीट वितळू द्या, व्होर्टेक्स करा, तळाशी कण दिसत नाहीत याची खात्री करा. स्टॉकचे लहान अलिकोट (एका वेळेपुरते वाटे) करा. तीच नळी पुन्हा पुन्हा गोठवू नका.

दिवसांचा क्रम तुम्हाला माहीत आहे, तरी कारणांसकट सांगतो. शून्याव्या दिवशी आरपीएमआय १६४० या मीडियममध्ये इन्सुलिन नसलेलं बी-२७ (तयार पूरक मिश्रण) आणि चिर, वेलमागे २ मिली. बरोबर चोवीस तासांनी चिर काढून तेच मीडियम चिरविना. ‘बरोबर’ म्हणतोय ते अक्षरशः घ्या. सकाळी दहाला टाकलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काढा, दुपारच्या जेवणानंतर नाही. या दिवशी बऱ्याच पेशी तरंगताना दिसतील. घाबरू नका; तळ अजून झाकलेला असेल तर खेप चालू आहे. तळ उघडा पडला असेल तर तो वेल सोडून द्या. तिसऱ्या दिवशी विंट संकेत उलट बंद करायचा असतो, नाहीतर मेसोडर्म हृदयाकडे वळत नाही. त्यासाठी विंट अडवणारं आयडब्ल्यूपी-२ हे रसायन, ५ मायक्रोमोलर. वेलमधलं १ मिली जुनं मीडियम काढून ठेवा, त्यात १ मिली ताजं आणि औषध मिसळा, वेलमधलं उरलेलं फेकून हे मिश्रण घाला. पेशींनी स्वतः सोडलेले संकेत त्या जुन्या मीडियममध्ये असतात, म्हणून ते पूर्ण टाकून द्यायचं नाही. आयडब्ल्यूपी-२ विरघळायला हट्टी आहे. ५ मिलिमोलरचा स्टॉक ३७ अंशांवर गरम करून पूर्ण स्वच्छ झाल्यावरच वापरा. पाचव्या दिवशी औषध काढून तेच इन्सुलिनविरहित मीडियम. सातव्या दिवसापासून इन्सुलिन असलेलं बी-२७, दर तीन दिवसांनी बदल. पहिले ठोके साधारण आठव्या ते बाराव्या दिवशी दिसतात.

इन्सुलिनचा मुद्दा अधोरेखित करतो. सुरुवातीच्या दिवसांत इन्सुलिन असेल तर पेशी हृदयाकडे जायला अडतात. बी-२७ च्या दोन्ही बाटल्या दिसायला जवळपास सारख्या असतात. फ्रीझरमध्ये त्या वेगळ्या खोक्यांत ठेवा, झाकणावर मार्करने मोठं ‘विना’ लिहा. पेशी तजेलदार दिसताहेत पण ठोका नाही, हे लक्षण बाटली बदलल्यावरही अगदी असंच दिसतं. तुमच्या ६ मायक्रोमोलरच्या खेपेत कोणती बाटली उघडली होती, तेही एकदा वहीत बघा.

आता पेरणी, कारण पहिल्या खेपेतला वेलावेलांतला फरक इथेच तयार झाला असणार. पेशी ॲक्युटेज या एन्झाइमच्या द्रावणाने सुट्या करा. गुठळ्या राहिल्या तर मोजणीला अर्थ उरत नाही. सुट्या केलेल्या पेशी जगाव्यात म्हणून रॉक इनहिबिटर वाय-२७६३२, १० मायक्रोमोलर, फक्त पहिले चोवीस तास. नंतर काढलाच पाहिजे. नळीत पेशी काही मिनिटांतच तळाकडे बसू लागतात, म्हणून दर दोन-तीन वेलनंतर नळी हलकेच उलटसुलट करा. नाहीतर पहिला वेल विरळ आणि शेवटचा दाट, किंवा उलटं. प्लेट गोल फिरवू नका. गोल फिरवलं की पेशी मधोमध गोळा होतात. पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे, असं अधिकच्या चिन्हासारखं हलवा, दहा-पंधरा मिनिटं हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) सपाट राहू द्या आणि मगच इन्क्युबेटरमध्ये न्या.

पेरणीच्याही आधीची गोष्ट म्हणजे पेशींची तब्येत. लाइन द्रव नायट्रोजनमधून काढल्यावर निदान दोन-तीन पॅसेज (नव्या प्लेटमध्ये पुन्हा पेरण्याच्या फेऱ्या) होऊ द्या, मगच प्रयोगाला घ्या. कॉलनीच्या कडा स्वच्छ, पेशी लहान आणि दाट, मधे आपोआप बदललेल्या पसरट पेशी नाहीत, हे रोज डोळ्यांनी बघा. शक्य असेल तर फ्लोसायटोमेट्रीत (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणारी पद्धत) बहुशक्त पेशींची खूण असलेलं ऑक्ट-४ हे प्रथिन तपासा. ९५ टक्क्यांच्या खाली असलेली लाइन प्रयोगाला घेऊ नये, असं माझं मत आहे. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची पीसीआर दर महिन्याला करा. संसर्ग असलेल्या पेशी मरत नाहीत, मीडियम गढूळ होत नाही, पण डिफरन्शिएशन (पेशींचं हृदयपेशीत रूपांतर) कोसळतं आणि माणूस सहा महिने चिरचे आकडे बदलत बसतो. दहाएक पॅसेजनंतर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) करून घ्या, आणि विसाव्या गुणसूत्रासाठी वेगळी क्यूपीसीआरही, कारण तिथला लहान बदल साध्या कॅरिओटाइपमध्ये निसटू शकतो. विसाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा एक तुकडा वाढलेल्या पेशी इतरांपेक्षा जोमाने टिकतात आणि हळूहळू सगळी प्लेट व्यापतात. त्या दिसायला उत्तमच दिसतात, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका.

मराठवाड्यात काम करताना आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. परदेशी पेपरमध्ये त्यांचा उल्लेख नसतो. बहुतेक इन्क्युबेटर तापवू शकतात, थंड करू शकत नाहीत. खोलीपेक्षा निदान पाच अंश वर असतील तरच ते तापमान नीट धरतात. म्हणजे ३७ अंश पक्के हवे असतील तर खोली ३२ च्या खाली हवी. मे महिन्यात रात्री एसी बंद करून कुलूप लावलं, दुपारी बाहेर ४२ आणि बंद खोलीत ३८, तर इन्क्युबेटर ३७ वर येणारच नाही. पडद्यावरचा आकडा बघू नका. आत पाण्याच्या बाटलीत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ नोंद करा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत आतला पाण्याचा ट्रे लवकर आटतो, कडेच्या वेलमधलं मीडियम घट्ट होतं. ट्रे दर दोन दिवसांनी भरा, आणि ऑटोक्लेव्ह केलेल्या डिस्टिल्ड पाण्याने. बोअरचं क्षारट पाणी नको. वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडायचं नाही, एवढा नियम सगळ्यांना माहीत असू द्या. यूपीएसवर इन्क्युबेटर आधी, बाकी सगळं नंतर.

पेशी चिकटाव्यात म्हणून प्लेटच्या तळाला लावायच्या मॅट्रिजेलचंही तसंच. १० अंशांच्या वर ते जमायला लागतं. रात्रभर ४ अंशांवर बर्फात वितळवा, टिप्स, नळ्या आणि पातळ करायचं मीडियम आधीच गार करा, आणि उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरका. नेमकं किती पातळ करायचं ते त्या लॉटच्या कागदावर असतं. साधारण १:१०० च्या आसपास. हे जाड-पातळ झालं की पेशी झालरीसारख्या सुटतात, आणि तुमच्या दुसऱ्या खेपेत तसंही झालेलं असू शकतं. औषधाने मेलेल्या पेशी एकेकट्या, फुटलेल्या तरंगतात. कोटिंग खराब असेल तर अख्खे पदर सुटून येतात. पुढच्या वेळी फेकण्याआधी मायक्रोस्कोपखाली बघा, उत्तर मिळेल. पुणे-हैदराबादहून येणारे ड्राय आइसचे पार्सल आठवड्याच्या सुरुवातीलाच निघतील असे मागवा. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर गोदामात पडतं. द्रव नायट्रोजनचा पुरवठा अडला तर जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रांकडे चौकशी करा. गोठवलेल्या रेतमात्रांसाठी ती केंद्रं हीच सोय ठेवतात.

इथवरचं थोडक्यात: आधी तब्येत आणि मायकोप्लाझ्मा, मग पेरणीची एकसारखी गर्दी, मग तीन बाय चारची प्लेट, आणि त्यानंतरही काही अडलं तरच रसायनांवर संशय.

ठोके दिसले म्हणजे काम झालं असं मानू नका. हृदयपेशी एकमेकींशी विजेने जोडल्या जातात आणि शेजारच्या इतर पेशींनाही ओढून हलवतात, त्यामुळे निम्म्याच पेशी हृदयाच्या असल्या तरी अख्खा थर धडधडताना दिसतो. पंधराव्या दिवशी कार्डियाक ट्रोपोनिन टी हे हृदयपेशींतलं प्रथिन रंगवून फ्लोसायटोमेट्री करा. कंट्रोल म्हणून त्याच लाइनच्या न वळवलेल्या पेशी त्याच अँटिबॉडीने रंगवा. नीट बसलेल्या पद्धतीत ८० ते ९५ टक्के मिळतात. ५०-६० वर अडकलात तर लॅक्टेटची निवड करा: दहाव्या दिवसाच्या पुढे चार दिवस ग्लुकोज नसलेलं आरपीएमआय आणि ४ मिलिमोलर सोडियम लॅक्टेट. हृदयपेशी लॅक्टेटवर जगतात, बाकीच्या बहुतेक उपाशी मरतात. पण दहा टक्क्यांच्या खेपेवर हे करू नका. मेलेल्यांच्या ढिगात उरलेल्याही जातात.

पेशी दुसऱ्या प्लेटमध्ये न्यायच्या असतील तर पंधराव्या दिवसाच्या आसपास न्या; जसजशा जुन्या होतात तसतशा सोडवताना फाटतात. नेल्यावर दोन-चार दिवस धडधड थांबते आणि परत येते. मीडियम बदलताना प्लेट बाहेर गार झाली तरी वेग उतरतो, म्हणून ठोके मोजायचे तर दर वेळी त्याच तापमानावर मोजा.

आता वडिलांचं. तुमच्या प्लेटमधल्या पेशी गर्भातल्या हृदयासारख्या कोवळ्या असतात. प्रौढ हृदयपेशीचा विश्रांतीतला विद्युतदाब उणे ८५-९० मिलिव्होल्टच्या आसपास असतो, यांचा शून्याच्या बराच जवळ, आणि त्या आपणहून ठोके देतात. औषधांची चाचणी किंवा आनुवंशिक आजारांचा अभ्यास यांसाठी त्या मोलाच्या आहेत. आजारी हृदयात टाकल्यावर मात्र हाच आपणहून ठोके देण्याचा गुण धोक्याचा ठरतो. मोठ्या अटॅकमध्ये शंभर कोटींपर्यंत स्नायूपेशी मरतात, आणि हृदय स्वतः तरुणपणीही वर्षाला सुमारे एक टक्काच पेशी नव्या बनवतं. २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात शंभर कोटी पेशी टोचल्या. त्या जगल्या, हृदयाशी जोडल्या गेल्या, पण माकडांच्या ठोक्यांची लय बिघडली. जपानमध्ये ओसाका विद्यापीठाने २०२० मध्ये आयपीएसपासून बनवलेल्या हृदयपेशींचा पदर रुग्णाच्या हृदयावर बसवला, जर्मनीत ग्योटिंगेनलाही तशा चाचण्या सुरू झाल्या. हे काम खरं आहे आणि मला त्यातून मोठी आशा आहे. पण ते निवडक रुग्णांवर, कडक देखरेखीखाली होणारं काम आहे. कुठल्या दवाखान्यात जाऊन विकत घ्यायची वस्तू नाही.

वडिलांना सुचवलेलं इंजेक्शन बहुधा अस्थिमज्जेच्या किंवा नाळेच्या पेशींचं असेल. त्या पेशी हृदयाचा स्नायू बनत नाहीत. तसा दावा करणारं मोठं संशोधन एकेकाळी गाजलं होतं. २०१८ मध्ये हार्वर्डने आणि तिथल्याच रुग्णालयाने त्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर हृदयासाठीचे असे उपचार फक्त मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतात. म्हणून तिथे तीन गोष्टी विचारा: ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय, नैतिक समितीची मंजुरी कुठे आहे, आणि पैसे कशाचे घेता? प्रयोगाच्या उपचाराचा खर्च रुग्णावर टाकायचा नसतो. लाखांत पैसे मागत असतील तर तिथून निघा.

तो पैसा आणि वेळ वडिलांच्या नियमित इकोकडे, रक्तदाब-साखरेकडे आणि कार्डिओलॉजिस्टने आखून दिलेल्या व्यायामाकडे लावा. इंजेक्शनवाल्यांनी चालू गोळ्या थांबवायला सांगितल्या असतील तर तसं करू नका. गोळ्यांत काही बदल करायचा असेल तर तो त्यांच्या कार्डिओलॉजिस्टनेच करावा.